गोळ्या मिळतात, तपासणी कधी?

एचआयव्ही झाला की माणूस एड्सने मरतो, एवढेच आपल्या समाजाला माहीत आहे. पण १ एप्रिल २००४ पासून सरकारी एआरटी केंद्रांत औषधे मोफत मिळू लागली आणि चित्र बदलले. नियमित गोळ्या घेणारी बाई आज मुलांची लग्ने पाहते, नातवंडे खेळवते. मात्र गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाचा तिला असलेला धोका तिला फारसे कुणी सांगत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रीला हा धोका इतरांच्या सहापट असतो. हा कर्करोग एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. तो शरीरसंबंधातून पसरतो आणि बहुतेकांचे शरीर त्याला आपोआप हुसकावून लावते. एचआयव्हीने प्रतिकारशक्ती खिळखिळी केली असेल, तर तो मुक्काम ठोकतो. एरवी कर्करोग व्हायला १५ ते २० वर्षे लागतात; एचआयव्हीवर उपचार नसतील तर ५ ते १० वर्षे पुरतात. म्हणून इतर स्त्रियांची तपासणी ३०व्या वर्षापासून, तर यांची २५व्या वर्षापासून करावी, असे संघटना सांगते.

पण 'अमुक रुग्णालयात जाऊन तपासून घ्या' अशी नुसती चिठ्ठी देऊन भागत नाही. मी ज्या बायकांशी बोलते, त्यांना कर्करोगापेक्षा नव्या दवाखान्यात पुन्हा 'मला एचआयव्ही आहे' हे सांगण्याची धास्ती जास्त असते. कित्येकींना तो नवऱ्याकडून आलेला. बोल मात्र त्यांनाच.

एआरटी केंद्रात तिला काही लपवावे लागत नाही. म्हणून माझे म्हणणे आहे की तपासणी तिथेच, गोळ्या नेण्याच्या दिवशीच आणि स्त्री कर्मचाऱ्याकडून व्हावी. हे अशक्य नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी व्हिनेगरसारखे सौम्य द्रावण लावून तपासणी केली आणि या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांसाठी तर एचपीव्हीची चाचणी अधिक भरवशाची आहे. तीही केंद्रात मिळायला हवी.

२०१७च्या कायद्याने एचआयव्हीबाधितांशी भेदभाव करायला आणि संमतीशिवाय त्यांची माहिती उघड करायला मनाई केली आहे. म्हणून भगिनींनो, पुढच्या खेपेला निःसंकोच विचारा, "माझी गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी कधी करणार?" आणि बंधूंनो, तिच्यासोबत केंद्रापर्यंत जा. तिला बोल लावण्यापेक्षा ते बरे.