होडी बारमाही, पाणी हंगामी

ऊस, केळी आणि ठिबक बाजूला ठेवून आज जरा पाण्यावरचं लिहितो.

उजनीच्या काठाला हौसेनं घेतलेल्या होड्या वाढायला लागल्यात. पूर्वी होडी म्हणजे मासेमाराची, नाहीतर पलीकडच्या गावाला सोडणाऱ्याची. आता केळीचे चार पैसे हातात आले की पोरं फायबरची होडी बघून येतात. पाहुणे आले की चक्कर, रविवारी गळ, हिवाळ्यात पक्षी. माझ्याकडंही एक आहे. आज्याची जमीन ज्या पाण्याखाली गेली, त्या पाण्यावर नातवानं घटकाभर मजा केली तर कोणाच्या पोटात दुखायचं कारण नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. होडी बारा महिने आपल्या दावणीला असते, पण पाणी बारा महिने सारखं नसतं. पेरणीला आपण वाफसा बघतो, फवारणीला वारा बघतो. होडी काढताना मात्र टाकीत पेट्रोल आहे का, एवढंच बघतो.

हिवाळा हा होडीचा खरा हंगाम. धरण भरलेलं, वारा बेताचा. भिगवण, कुंभारगाव, डिकसळ भागात फ्लेमिंगो, म्हणजे आपले रोहित पक्षी, उथळ पाण्यात चरायला उतरतात. तिथं इंजिन बंद करून बांबूनं होडी ढकलायची आणि लांबूनच बघायचं. फोटोसाठी थवा उडवला की पक्ष्यांचं चरणं मोडतं. मासेमाराच्या जाळ्यावरून पंखा नेऊ नका. त्याची रोजीरोटी आपल्या हौसेखाली चिरडायची नाही.

उन्हाळ्यात गोष्टच बदलते. उजनीचा एकूण साठा ११७ टीएमसी, त्यातला ६४ टीएमसीच्या आसपास मृतसाठा. धरण मायनसमध्ये गेलं की आपण चर खोदत, केबल-पाईप वाढवत पाण्यामागं पळतो. होडीवाल्यालाही तेच. कालपर्यंत खोल होतं तिथं आज गाळ, बुंधे, जुन्या गावाच्या भिंती. पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडतं, मग बाकीचं किती वर आलं असेल? गाळात होडी रुतली तर खाली उतरू नका. माणूस मांडीपर्यंत जातो आणि पाय निघत नाही. मोटरींच्या केबलपासूनही लांब राहा, जोड कुठं उघडा पडलाय ते पाण्यातून दिसत नाही.

त्यापेक्षा मोठी भीती वळवाच्या वाऱ्याची. दुपारनंतर ढग चढतो आणि पावसाच्या आधी गार वाऱ्याचा लोट येतो. रानात त्याला झाडं, बांध, घरं अडवतात. मोकळ्या पाण्यावर अडवायला काहीच नसतं. लाट आडवी लागते, माणसं घाबरून एका बाजूला सरकतात आणि होडी कलंडते. २१ मे २०२४ ला कुगाव ते कळाशी येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. त्यात लहान लेकरंही होती. ते लोक हौसेला निघाले नव्हते, जायचं होतं म्हणून बसले होते. आपली चक्कर तर उद्यावर ढकलता येते.

म्हणून माझं स्पष्ट मत: एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर हौसेची होडी पाण्यात घालायचीच नाही, आभाळ निरभ्र असलं तरी. सकाळी निघायच्या आधीही अंदाज बघायचा, विजांसाठी दामिनी ॲप मोबाईलमध्ये ठेवायचं. मध्येच वारा सुटला तर होडीचं तोंड लाटेकडं करा, सगळ्यांना खाली बसवा, उभं राहू देऊ नका. उलटलीच तर पोहत काठ गाठायच्या नादी न लागता होडीला धरून राहा.

पावसाळ्यात दौंडचा विसर्ग वाढला की ओंडके आणि जलपर्णी वाहत येते. जलपर्णी पंख्यात गुंतली की इंजिन बंद. त्या दिवसांत होडी वर ओढून, विटांवर पालथी घालून ठेवलेली बरी. पाण्यातच ठेवायची असेल तर दोर आखूड बांधू नका. रात्रीत पाणी चढतं आणि दोरच होडीचं तोंड खाली ओढतो.

आता जॅकेट. “आम्हाला पोहता येतं” हे मी दर वेळी ऐकतो. विहिरीत पोहणं वेगळं आणि अंगात पँट-शर्ट, डोक्याला मार, समोर लाटा असताना पोहणं वेगळं. मांडीवरच्या लेकराला तर पोहता येत नाही ना? जितकी माणसं तितकी जॅकेटं, लेकरांना त्यांच्या मापाची, आणि ती सीटखाली नाही तर अंगात, पट्टे आवळून. इंजिनवाल्या होडीची नोंदणी आणि तपासणी २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात सांगितलेली आहे. तो कागद करून घ्या. पाहुण्यांकडून पैसे घेत असाल तर जबाबदारी आणखी वाढते.

काही जण म्हणतील, एवढे नियम पाळायचे तर होडी घ्यायचीच कशाला? मळणी यंत्रात हात जाऊ नये म्हणून आपण सैल बाही वर करतो, म्हणून काय मळणी बंद केली? हे तसंच आहे.

काठावरच्या गावांनी हे बोलून ठरवावं: वळवाच्या दिवसांत दुपारी होड्या बंद, आणि जॅकेट नाही तर बसायचं नाही. कोयना आणि जायकवाडीच्या काठच्या मंडळींनी तुमच्याकडची रीत कळवा. चांगली असेल ती आम्ही उचलू.