२१ ऑक्टोबरला जिल्ह्याची नावेही वाचा



चंद्रपूर-गडचिरोलीत २१ ऑक्टोबरला दोन स्मरणे एकत्र येतात. १९५९ मध्ये लडाखच्या हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याच्या हल्ल्यात १० जवानांना वीरमरण आले, म्हणून हा पोलीस स्मृतिदिन. आणि १८५८ मध्ये याच तारखेला इंग्रजांनी त्यांच्याविरुद्ध बंड करणारे वीर बाबुराव शेडमाके यांना चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, तुरुंगातल्या पिंपळाला फाशी दिली, म्हणून गोंड समाजाची पावले त्या पिंपळाकडे वळतात.

पोलीस मुख्यालयातल्या सोहळ्यात ‘शोक शस्त्र’चा हुकूम होतो, बिगुल वाजतो आणि वर्षभरात देशभर शहीद झालेल्या पोलिसांची नावे वाचली जातात. या सोहळ्याचा खरा गाभा हाच. पुढच्या वर्षी मात्र यादी नवी असते.

गडचिरोलीला हे पुरेसे नाही. एकट्या २००९ मध्ये माओवाद्यांच्या हल्ल्यांत मरकेगावला १५, हत्तीगोट्याला १६ आणि लाहेरीला १७ पोलीस गेले. हत्तीगोट्याच्या शहिदांमध्ये पाच महिला पोलीस होत्या. १९९० मध्ये उभ्या राहिलेल्या, माओवाद्यांशी लढणाऱ्या पोलिसांच्या सी-६० पथकातले बहुतेक जवान याच मातीतले, घरी गोंडी-माडिया बोलणारे. त्यांचे आईवडील आजही इथेच धानाची बांधी कसतात. दिल्लीच्या राष्ट्रीय पोलीस स्मारकात नावे कोरलेली आहेत, हे योग्यच. पण भामरागडची म्हातारी आई तिथे कधी पोहोचणार?

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. रक्तपात ओसरतो आहे, याहून मोठे समाधान नाही. पण त्यामुळेच नव्या याद्यांत गडचिरोलीची नावे विरळ होत जाणार. म्हणून जिल्ह्याच्या सर्व शहिदांची नावे, त्यांच्या गावासह, दरवर्षी वाचण्याचा नियम आताच व्हावा.

त्यात आणखी एक नाव हवे. १ मे २०१९ रोजी, ऐन महाराष्ट्र दिनी, जांभूळखेड्याजवळच्या भूसुरुंग स्फोटात १५ पोलिसांसोबत खासगी वाहनाचा चालकही मरण पावला. तो गणवेशात नव्हता, हा आक्षेप नियमाला धरून असेल, न्यायाला धरून नाही. जवान ज्या गाडीत होते, तिचे चाक त्याच्या हातात होते.

यादीची सुरुवात शेडमाक्यांच्या नावाने व्हावी. फाशीच्या वेळी त्यांचे वय अवघे पंचवीस होते. पोलिसांच्या सोहळ्यात बंडखोराचे नाव कशाला, असे कोणी विचारील. त्यांचे बंड परकीय राज्याविरुद्ध होते; आणि ज्या रानात त्यांनी माणसे जमवली, त्याच रानातली मुले आज सी-६० मध्ये आहेत.

या वाचनाला पाऊण तासही लागणार नाही. दोन्ही जिल्ह्यांच्या पोलीस अधीक्षकांनी येत्या २१ ऑक्टोबरपासून ही प्रथा सुरू करावी, शहिदांच्या गावातल्या शाळकरी मुलांना त्या सकाळी मैदानावर आणावे आणि नावे मराठीसोबत गोंडी-माडिया निवेदनातही ऐकवावीत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, चंद्रपूर