आधी कोणाचा हक्क?

सकाळी आम्ही शाळेत पोहोचण्याआधीच कामे टेबलावर येऊन बसलेली असतात. पोषण आहाराची नोंद, तपासायच्या वह्या, ऑनलाइन भरायची माहिती, वर ‘आजच पाठवा’ असा मोबाइलवरचा निरोप. घरातही तीच गत. यातले आधी कोणते करायचे, हे बहुतेक वेळा आपण ठरवतच नाही. जे काम मोठ्याने ओरडते, ते आधी होते. जे गप्प बसते, ते राहून जाते.

काही वर्षांपूर्वी आमच्या दहावीच्या वर्गातील एका मुलीने जुलै महिन्यात अर्ज दिला. शाळेच्या रजिस्टरात तिच्या वडिलांचे नाव एक होते, आधार कार्डावर दुसरे. दुरुस्तीसाठी कागद जोडून तो अर्ज पुढे पाठवायचा होता. तासाभराचे काम. “अजून वर्ष पडले आहे,” असे म्हणून आम्ही तो ड्रॉवरमध्ये ठेवला. मग तपासणीच्या फायली आल्या, स्नेहसंमेलन आले, सराव परीक्षा आल्या. अर्ज तिथेच राहिला आणि मुलगी शाळा सोडून गेली.

शाळेत असताना जी दुरुस्ती सोपी असते, ती दाखला हातात पडल्यावर फार अवघड होते. कागदांवरची नावे जुळेनात म्हणून तिचा शिष्यवृत्तीचा अर्ज अडला. फीसाठी घरच्यांनी कर्ज काढले. आम्ही माफी मागायला घरी गेलो, तेव्हा तिची अम्मी एवढेच म्हणाली, “तुमच्याकडे पुष्कळ कागद असतील, आमचा तर एकच होता.”

त्या दिवशी हुकूकुल इबादचा अर्थ नव्याने कळला. तौबा केली तरी माणसाचा बुडवलेला हक्क त्या माणसाकडेच जाऊन फेडावा लागतो.

खरे तर आपल्या दीनने कामांचा क्रम आधीच शिकवला आहे. फर्ज नमाजची इकामत झाली की कोणी नफिल सुरू करत नाही. माणूस वारला तर त्याच्या मालमत्तेतून आधी कफन-दफन, मग कर्जफेड, मग एक तृतीयांशापर्यंत वसीयत आणि उरलेले वारसांना. सूरह अन्-निसामध्ये वसीयतचा उल्लेख कर्जाच्या आधी येतो. तरीही फेडायचे आधी कर्जच, यावर उलेमांचे एकमत आहे. म्हणजे दुसऱ्याचे देणे आधी, आपली उदारता नंतर.

हाच क्रम कामाला लावण्यासाठी आम्ही आता रोज तीन प्रश्न विचारतो. या कामात कोणाचा हक्क अडकला आहे का? याची वेळ टळली तर ती परत येईल का? आणि हे आमच्याशिवाय दुसरे कोणी करू शकेल का? फर्जे ऐन आणि फर्जे किफाया यांतला फरक इथे उपयोगी पडतो. जनाज्याची नमाज काहींनी अदा केली तर सर्वांची जबाबदारी उतरते. पण रोजची नमाज ज्याची त्यालाच अदा करावी लागते. स्नेहसंमेलनाचा मंडप कोणीही सजवला असता. तो अर्ज मात्र वर्गशिक्षक म्हणून आम्हीच पाठवायचा होता.

वरून आलेली कामे टाळावीत, असे आमचे म्हणणे नाही. पगार घेतो तर तीही अमानतच. पण दिवसाचा पहिला तास त्यांना देऊ नये. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी उम्मतच्या सकाळच्या वेळेत बरकत मिळावी, अशी दुआ केली. ती हदीस सांगणारे सहाबी हजरत सख्र (रजि.) व्यापारी होते, ते आपला माल दिवसाच्या सुरुवातीलाच रवाना करत आणि त्यांची भरभराट झाली. म्हणून फजरनंतर आम्ही यादी लिहितो आणि ज्यात कोणाचा हक्क अडकला आहे, ते काम पहिल्या तासिकेपूर्वी उरकतो.

घरातही असेच करून पाहा. ईदची खरेदी आधी की कपडे शिवणाऱ्या बाईचे पैसे? मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आपण मुलांना सांगतो. आपल्या यादीत ती कितव्या क्रमांकावर आहे?

आज रात्री आपला ड्रॉवर एकदा उघडून पाहू या. कोणाचा तरी एकुलता एक कागद तिथे पडलेला असेल. अल्लाह आपल्याला उद्या सकाळी तो आधी हाती घेण्याची तौफिक देवो. आमीन.