गिअरबॉक्स बदलावा की पाय?

हंगाम संपला की आपल्याकडे दोन गोष्टींची चर्चा हमखास होते. एक अंतिम दराची, दुसरी डिझेलच्या बिलाची. पहिलीवर संचालक मंडळ बोलेलच. दुसरीवर आम्ही थोडे बोलणार आहोत, कारण सध्या गावोगावी एक नवे खूळ निघाले आहे. जुन्या जीपचा चार गिअरचा बॉक्स काढायचा, पाच गिअरचा बसवायचा, म्हणजे म्हणे डिझेल निम्मे लागते. निम्मे? अहो, निम्म्या डिझेलवर गाडी चालली असती तर कंपनीने आधीच तशी केली नसती का!

मात्र बॉक्स बदलणे ही नुसती थाप आहे, असेही आमचे म्हणणे नाही. आपल्या भागात जुन्या जीपा अजून पुष्कळ आहेत. शेतकी खात्याची जीप बांधावर आली की उसाची नोंद झाली, असा तो काळ होता. त्या वेळच्या पेट्रोलच्या जीपला तीनच गिअर असत. पुढे डिझेल इंजिन आले, चार गिअरचा केएमटी 90 बॉक्स आला, आणि त्यानंतर पाच गिअरचा एनजीटी. जुन्या बॉक्समध्ये वरचा गिअर सरळ असतो, म्हणजे इंजिनचा एक फेरा तो मागच्या शाफ्टचा एक फेरा. पाचवा गिअर त्याच्याही वरचा. त्यात शाफ्ट तेवढाच फिरतो, पण इंजिन साधारण पाचव्या हिश्शाने कमी फिरते. त्यात सी. जे. 3 बी सारख्या जीपचे मागचे प्रमाण 5.38, म्हणजे चाक एकदा फिरायला शाफ्ट पाच वेळांहून जास्त फिरणार. चढाला आणि चिखलाला ही रचना उत्तम, हमरस्त्यावर मात्र इंजिन नुसते ओरडत राहते. तिथे पाचवा गिअर खरोखर उपयोगी पडतो.

पण आपली जीप हमरस्त्यावर किती असते? आपटा (तालुका पनवेल) येथे आमच्या एका सभासदाच्या पाहुण्यांकडे अशी बॉक्स बदललेली जीप आम्ही पाहिली. न्हावाशेव्याला साखर पोहोचवून आलेल्या गाडीबरोबर आम्ही होतो, परतताना कर्नाळ्याच्या बाजूला वळलो. आपटा म्हटले की आपल्याला दसऱ्याचे सोने आणि बॉयलरचा अग्निप्रदीपन समारंभ आठवायचा. तिथल्या तरुणांना मात्र 1995 च्या त्या गाजलेल्या हिंदी सिनेमातली शेवटची रेल्वे आठवते, ती त्यांच्याच स्टेशनात घेतलेली. असो. पाहुणे हिशेबी माणूस. टाकी काठोकाठ भरायची, वहीत किलोमीटर लिहायचे, पुन्हा काठोकाठ भरायची आणि भागाकार करायचा. त्यांचे सांगणे सरळ होते. पेण-पनवेलच्या रस्त्याला फरक दिसतो, गावात आणि शेतात काडीचाही नाही, कारण तिथे पाचवा गिअर पडतच नाही.

आता हिशेब करू. समजा जीप वर्षाला 8,000 किलोमीटर चालते आणि लिटरला 10 किलोमीटर देते. म्हणजे 800 लिटर. त्यातले निम्मे हमरस्त्यावर जळते आणि तिथे दहा टक्के वाचले असे धरा, तरी वर्षाला 40 लिटर. लिटरला 90 रुपये धरले तर 3,600 रुपये. बॉक्स, क्लच प्लेट, शाफ्टची लांबी कमी करणे, नवे माउंटिंग आणि मजुरी मिळून समजा 45,000 रुपये गेले, तर ते फिटायला साडेबारा वर्षे लागतील. तेवढ्यात उसाचे किती खोडवे निघाले ते तुम्हीच मोजा! शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आहे, आणि मूळ रचनेत बदल करण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा 2019 चा कडक निकाल आहे. तेव्हा आधी आरटीओ आणि विमावाले यांना लेखी विचारा, मग पाना हातात घ्या. जुना बॉक्स मोडूनच पडला असेल आणि खर्च तसाही करावाच लागणार असेल, तर पाच गिअरचा जरूर बघा. धड चालणारा बॉक्स काढू नका.

फुकटची बचत पायात आहे. 1978 साली केंद्र सरकारने पेट्रोलियम बचतीसाठी पीसीआरए ही संस्था काढली. तिचा सल्ला साधा आहे: ताशी 45 ते 55 च्या वेगात गाडी कमी पिते, आणि टायरमधली हवा पाव हिश्शाने कमी असेल तर इंधन पाच ते दहा टक्के जादा लागते. हवा भरायला पैसे किती पडतात? हाफ क्लचवर पाय ठेवून चालवणारे तर डिझेलही जाळतात आणि प्लेटही. आणि आपल्या गाडीतळावर काय चालते? नंबर यायला चार तास, ट्रॅक्टर चालूच! का, तर टेप वाजला पाहिजे. उभ्या ट्रॅक्टरला तासाला लिटरभर तरी डिझेल लागते. एवढे महाग गाणे तमाशाच्या फडातही नसेल.

पण हे सगळे पैशाचे झाले. आम्हाला खरे लिहायचे आहे ते न्यूट्रलविषयी. डिझेल वाचावे म्हणून उताराला गाडी न्यूट्रल करायची सवय आपल्या चालकांत मुरली आहे. बोरघाट उतरताना आमच्या गाडीच्या चालकानेही दांडी मोकळी करायला हात नेला होता, आम्ही थांबवला. घाटात न्यूट्रलने डिझेल वाचते ही समजूतच चुकीची आहे. गाडी गिअरमध्ये असून ॲक्सिलेटरवरचा पाय काढला की चाकेच इंजिन फिरवतात आणि पंप डिझेल बंद करतो. न्यूट्रल केले की इंजिन जिवंत राहायला डिझेल मागतेच. म्हणजे पैसा वाचत नाही तो नाहीच, वर सगळा भार ब्रेकवर पडतो. ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर धरत नाहीत. त्याच घाटावरून पाणीही खाली येते. लोणावळ्याच्या तलावांतले पाणी सुमारे 500 मीटर उतरून 1915 पासून टाटांच्या खोपोली केंद्रात वीज करते, मग पाताळगंगेतून आपट्याकडे जाते. उतरणाऱ्या पाण्यात केवढा जोर असतो हे ते केंद्र रोज दाखवते. लादलेल्या गाडीतही तोच जोर असतो, फक्त त्याला धरायला गिअर लागतो.

ट्रॅक्टरचे तर विचारूच नका. मागे उसाचे दोन ट्रेलर, बहुतेकांना स्वतःचे ब्रेक नाहीत. न्यूट्रल केले, वेग वाढला, की गिअर परत पडत नाही, नुसता करकरतो. मागचा ऊस पुढच्याला ढकलतो, ट्रेलर आडवा होतो, आणि त्या उसावर तोडणी मजुरांची बायकापोरे बसलेली असतात. ज्या गिअरमध्ये चढ चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हे जुन्या चालकांना पाठ होते. नव्या पोरांना कोणी सांगितलेच नाही.

जाता जाता एक गोष्ट. मोटारसायकलचे ॲव्हरेज कमी झाले म्हणून काही सभासद इथेनॉलला नावे ठेवतात. इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण तिसऱ्या हिश्शाने ताकद कमी असते, तेव्हा वीस टक्के मिश्रणात थोडा फरक पडायचाच. 2025 साली देशाने तो वीस टक्क्यांचा टप्पा गाठला, त्यात आपल्याच उसाचा वाटा आहे. नावे ठेवण्याआधी एवढे ध्यानात घ्या.

आमची सूचना अशी. येत्या हंगामाचे तोडणी-वाहतूक करार करताना प्रत्येक चालकाला एक दिवस बोलवावे. सकाळी त्याच्याकडून ट्रेलर जोडून उतार उतरवून घ्यावा, न्यूट्रल केले की खाली उतरवावे. करारात एक कलम घालावे, की भरल्या ट्रेलरवर माणूस बसलेला दिसला तर ती गाडी काट्यावर घेतली जाणार नाही. गाडीतळावर इंजिन बंद ठेवण्याची पाटी लावावी आणि ती पाळली जाते का हे रात्रपाळीच्या गेटकीपरने बघावे. वार्षिक सभेत हा विषय आम्ही मांडणार आहोत. ज्या सभासदांचे ट्रॅक्टर वाहतुकीला आहेत त्यांनी आपल्या चालकाला घेऊन यावे.