विश्लेषण : मातीने पाण्यातले फ्लोराइड निघते, पण किती दिवस?

गोंदियाजवळच्या मुर्रीसारख्या गावात बोअरचे पाणी दिसायला स्वच्छ आणि चवीला गोड असते. फ्लोराइडला ना रंग, ना वास. त्यामुळे दातांवर पिवळे-तपकिरी डाग दिसेपर्यंत घरात कुणाला शंकाही येत नाही. पाणी उकळले तर ते निघत नाही. उलट पाणी आटून प्रमाण वाढते.

फ्लोराइड येते कुठून?

पूर्व विदर्भातील ग्रॅनाइट, नाइससारख्या जुन्या खडकांत फ्लोराइडयुक्त खनिजे असतात. खडकाच्या भेगांत वर्षानुवर्षे मुरलेल्या पाण्यात ती विरघळतात. म्हणूनच एका बोअरचे पाणी चांगले, तर शेजारच्याचे दूषित, असे घडू शकते. भारतीय मानकानुसार लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. दुसरा स्रोतच नसेल तर कमाल 1.5.

माती काय करते?

केओलिनाइट, बेंटोनाइट अशा चिकणमातीच्या कणांवर ॲल्युमिनियम व लोहाला जोडलेले हायड्रॉक्सिल गट असतात. फ्लोराइड त्यांची जागा घेते आणि मातीला चिकटते. श्रीलंकेत तर विटांच्या तुकड्यांचे घरगुती फिल्टर वापरले गेले. अडचण अशी, की ही अदलाबदल किंचित आम्लधर्मी पाण्यात चांगली होते आणि फ्लोराइडचे पाणी बहुधा अल्कधर्मी असते. त्यातले बायकार्बोनेटही जागेसाठी स्पर्धा करते.

मग हिशेब काय सांगतो?

कुटुंबाला पिण्या-स्वयंपाकाला रोज 10 लिटर पाणी लागते आणि त्यात लिटरमागे 3 मिलिग्रॅम फ्लोराइड आहे, असे धरू. ते 1 वर आणायचे तर रोज 20 मिलिग्रॅम काढावे लागेल. एक ग्रॅम मातीने पाव मिलिग्रॅम धरले, तरी रोज 80 ग्रॅम, महिन्याला सुमारे अडीच किलो माती बदलावी लागेल. ॲल्युमिनियमच्या क्षारांची प्रक्रिया केलेली माती जास्त धरते, पण मग ती फुकटची राहत नाही.

खरा धोका इथेच आहे. माती भरली तरी फिल्टरमधून पाणी तसेच स्वच्छ पडत राहते. नागपूरच्या 'नीरी'ने विकसित केलेल्या तुरटी-चुन्याच्या नालगोंडा पद्धतीतही रोजची मात्रा आणि गाळ यांची जबाबदारी कुणीतरी घ्यावीच लागते. त्यामुळे गावात फिल्टर बसवताना किमतीआधी विचारायला हवे : माती कधी, कोण बदलणार? पाणी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत कितीदा तपासणार? आणि वापरलेली माती कुठे टाकणार? विहिरीच्या काठावर टाकली, तर पहिल्या पावसात त्यातले काही फ्लोराइड पुन्हा पाण्यात उतरू शकते.