संस्कृतीचा कोतवाल

चौ यांग यांचे नाव निघाले की डाव्या वर्तुळांत दोन उसासे ऐकू येतात. सांस्कृतिक क्रांतीने एका व्यासंगी मार्क्सवाद्याला सुमारे नऊ वर्षे तुरुंगात डांबले, याबद्दलचा एक. आणि १९८३ साली त्यांनी खरे बोलण्याचे धाडस केले तेव्हा पक्षाने त्यांना पुन्हा नमवले, याबद्दलचा दुसरा. दोन्ही उसासे रास्त आहेत. परंतु १९४९ ते १९६६ या सतरा वर्षांत चीनच्या साहित्य-संस्कृतीच्या किल्ल्या याच गृहस्थांच्या कमरेला होत्या, हे उसासे टाकणाऱ्यांना सोयीस्करपणे आठवत नाही.

येनानच्या लू शुन कला अकादमीपासून त्यांची कारकीर्द चढत गेली. क्रांतीनंतर ते सांस्कृतिक खात्याचे उपमंत्री आणि पक्षाच्या प्रचार विभागाचे उपप्रमुख झाले. टॉल्स्टॉयची 'ॲना कॅरेनिना' चिनी भाषेत आणणारा हा माणूस अरसिक नव्हता. म्हणूनच त्याच्या कृत्यांचा हिशेब अधिक काटेकोरपणे मागितला पाहिजे.

हू फेंग यांचे प्रकरण घ्या. हे लू शुन यांचे निकटवर्ती, आणि मार्क्सवादीच. १९३६ साली साहित्याच्या घोषवाक्यावरून त्यांचा व चौ यांग यांचा वाद पेटला, तेव्हा मृत्युशय्येकडे निघालेल्या लू शुन यांनी हू फेंग यांची बाजू घेऊन चौ यांग यांचा जाहीर समाचार घेतला होता. पुढे १९५४ साली हू फेंग यांनी सुमारे तीन लाख अक्षरांचे निवेदन मध्यवर्ती समितीला सादर केले. लेखकांच्या डोक्यावर पाच सुऱ्या टांगल्या आहेत, असे त्यात म्हटले होते. पक्षाकडे रीतसर पाठवलेल्या या तक्रारीचे उत्तर अटकेने मिळाले. १९५५ साली 'प्रतिक्रांतिकारक टोळी' ठरवून दोन हजारांहून अधिक माणसे या चौकशीच्या फेऱ्यात ओढली गेली. हू फेंग बाहेर आले ते १९७९ साली. तिंग लिंग यांना तर स्टालिन पारितोषिकही वाचवू शकले नाही. १९५७ च्या उजव्यांविरुद्धच्या मोहिमेत त्या पक्षाबाहेर फेकल्या गेल्या, आणि त्या मोहिमेचे साहित्यक्षेत्रातील भरतवाक्य चौ यांग यांनीच लिहिले.

यावर ठरलेले उत्तर असे की, आज्ञा माओंची होती. होतीच, हू फेंगविरोधी मजकुराला माओंनी स्वहस्ते टिपणे जोडली होती. पण वीस वर्षांपूर्वीच्या साहित्यिक वैऱ्याचा निकाल लावण्याचा अधिकार ज्याच्या हाती खात्याने दिला, तो केवळ निरोप्या कसा? वाद घालणाऱ्या एका पक्षालाच न्यायाधीश व फौजदार नेमणाऱ्या व्यवस्थेला समाजवादी संस्कृती म्हणायचे काय? १९६७ साली याओ वेनयुआन यांनी चौ यांग यांना 'दुतोंडी प्रतिक्रांतिवादी' म्हणून जाहीर केले, तेव्हा शिक्का तोच होता. फक्त कपाळ बदलले होते.

न्यायाने एवढे मात्र सांगितले पाहिजे की, तुरुंगातून सुटल्यावर हा माणूस बदलला. १९७९ च्या लेखक-कलावंतांच्या परिषदेत त्यांनी दुखावलेल्यांची माफी मागितली. (किती मोठ्या सांस्कृतिक अधिकाऱ्यांनी आजवर एवढे तरी केले आहे?) मार्च १९८३ मध्ये, मार्क्सच्या स्मृतिशताब्दीनिमित्त केंद्रीय पक्षशाळेत त्यांनी सांगितले की समाजवादी समाजातही परात्मता संभवते, जनतेने सोपवलेली सत्ता वापरून जनतेचे सेवक तिचे धनी होऊ शकतात. हा मार्क्सद्रोह नव्हता. मार्क्सच स्वतःच्या घरात लागू करण्याचा प्रयत्न होता. ते भाषण सिद्ध करण्यात वांग युआनह्वा यांचा हात होता. हे तेच वांग, जे १९५५ च्या हू फेंग प्रकरणात भरडले गेले होते.

पण यंत्र जुनेच होते. हू छियाओमू यांनी विरोध केला, 'वैचारिक प्रदूषणा'विरुद्ध मोहीम उघडली गेली, भाषणाचे दुसरे साहाय्यक वांग रुओश्वी यांचे 'पीपल्स डेली'मधील पद गेले, आणि नोव्हेंबर १९८३ मध्ये पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावरील चौ यांग यांची जाहीर आत्मटीका छापून आली. असले कबुलीजबाब इतरांकडून लिहवून घेण्यात त्यांची उमर गेली होती. ३१ जुलै १९८९ रोजी ते वारले. हू फेंग यांच्यावरचा उरलासुरला ठपका त्याच्या आदल्या वर्षी पुसला गेला. तेव्हा हू फेंग यांना जाऊन तीन वर्षे झाली होती.