मुख्याध्यापकाविना शाळा

ग्रामीण शाळांतून ‘शैक्षणिक नेतृत्व’ निर्माण झाले पाहिजे, असा उपदेश हल्ली प्रशिक्षणवर्गांतून वारंवार केला जातो. उपदेश चांगलाच आहे; परंतु हे नेतृत्व करावयाचे कोणी? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे परिशिष्ट वाचकांनी एकदा मुळातून वाचावे. प्राथमिक शाळेचा पट १५० च्या वर गेला तरच तिला मुख्याध्यापक. ६० पर्यंत केवळ दोन शिक्षक. म्हणजे वाडीवस्तीवरच्या शाळेला मुख्याध्यापकाचे पदच नाही. दोघांपैकी एकजण ‘प्रभारी’ म्हणवतो आणि दोन-तीन इयत्ता शिकवता शिकवता पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहिती व तालुक्याच्या बैठका सांभाळतो. ज्याला स्वतःच्या वर्गावर जाण्याची सवड नाही, त्याने म्हणे गावाचे नेतृत्व करावे!

याच कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक व निम्म्या स्त्रिया असाव्यात असे सांगितले, शाळेचा विकास आराखडा करण्याचे कामही तिच्याकडे दिले. प्रत्यक्षात रोजगार बुडवून आलेल्या मजूर बाईपुढे येते ते सहीचे पान.

शाळा अशी निर्नायकी करून ठेवल्यावर ती ‘परवडत नाही’ असा शोध लागतो. सप्टेंबर २०२३ मध्ये शासनाने २० पेक्षा कमी पटाच्या शाळांऐवजी ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव मागविले. लहान शाळेत मुलांना सवंगडी कमी मिळतात, हे खरे. पण मूळ युक्तिवाद दरडोई खर्चाचा आहे, आणि आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविलेल्या माणसाला त्यातली हातचलाखी सहज दिसते. खर्च नाहीसा होत नाही. तो सरकारी वहीतून मजुराच्या घरात जातो. मुलाला गाडीपर्यंत पोचविण्यात बापाचा अर्धा दिवस जातो. पावसाळ्यात ओढ्यापलीकडे एकटी पाठवायला नको म्हणून मुलगी घरी राहते, तेव्हा तो तोटा कोणत्याच खात्यावर मांडला जात नाही.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी हा हिशेब उलट बाजूने केला होता. १९३५ साली त्यांनी साताऱ्यात शिक्षक घडविणारे विद्यालय काढले आणि १९३८ पासून शाळा नसलेल्या खेड्यांत व्हॉलंटरी शाळा सुरू केल्या. नेतृत्व आधी शिक्षकात पाहिले, इमारत नंतर.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. १५० ची अट रद्द करा. कारकुनी काम शिक्षकाच्या डोक्यावरून उतरवा. आणि पालक समितीच्या व ग्रामसभेच्या लेखी संमतीवाचून एकही शाळा हलवू नका. पुढच्या ग्रामसभेत हा ठराव मांडण्यास कोणाच्या प्रशिक्षणाची वाट पाहावी लागत नाही.